मन्हा इस्वास सरी गया का?

डायलिसिस चार तास चालतं. माणूस एकदा मशीनवर गेला की सोबत आलेल्याला बाहेर बाकावर बसण्याशिवाय काम नसतं. मी समुपदेशक. मार्थाताई माझ्याकडे पहिल्यांदा आल्या त्या अशाच चार तासांत. हातात कापडी पिशवी आणि त्यात एक प्लास्टिकची बाटली. बाटलीवर निळ्या पेनाने आडव्या रेघा मारलेल्या होत्या. त्या रेघांबद्दल मी विचारलं नाही, आणि त्यांनीही तेव्हा काही सांगितलं नाही.

मार्था हे त्यांचं खरं नाव नाही. घरचे काही तपशील मी बदलले आहेत, आणि हे लिहायला त्यांनी होकार दिला आहे. मार्थाच का, ते पुढे येईल.

साक्री तालुक्यात, दहिवेलच्या पलीकडे त्यांचं गाव. त्या अंगणवाडीत मदतनीस. नवरा ट्रॅक्टर चालवायचा. दोन वर्षांपूर्वी त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा पहाटेची एसटी, धुळे, चार तास मशीन आणि संध्याकाळी परत. महात्मा फुले योजनेत उपचार बसले, पण येण्याजाण्याचा खर्च, बुडालेली मजुरी आणि घरी थांबलेली दोन पोरं कुठल्या योजनेत बसतात?

त्या बसल्या, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "ताई, मन्हाकडतीन प्रार्थना व्हत नही आते. मन्हा इस्वास सरी गया का?"

माझा विश्वास संपला का, हा प्रश्न मला नवा नव्हता. पश्चिम खानदेशात, धुळे-नंदुरबारकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांमधून तो वेगवेगळ्या तोंडांनी माझ्याकडे येतो. कुणाचा मुलगा गेलेला असतो, कुणाचं कर्ज फिटत नसतं, कुणी नवऱ्याच्या दारूसाठी वीस वर्षं उपास-प्रार्थना केलेली असते. शेवटी सगळे एकाच ठिकाणी येऊन थांबतात: देव ऐकत नाही, म्हणजे माझाच विश्वास कमी पडला असणार.

मार्थाताईंच्या बाबतीत हे दुसऱ्या कुणी तरी बोलून दाखवलं होतं. फेब्रुवारीत शेजारच्या गावी चंगाई सभा, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याची सभा, झाली. बाहेरून आलेल्या प्रचारकाने नवऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि सांगितलं, तू बरा झालास, आता मशीनवर गेलास तर तो अविश्वास होईल. त्यांनी दोन फेऱ्या चुकवल्या. पाचव्या रात्री नवऱ्याला आडवं होता येईना, बसूनही धाप लागत होती. फुप्फुसात पाणी भरलं होतं आणि रक्तात पोटॅशियम इतकं चढलं होतं की हृदय कधीही थांबलं असतं. भाड्याच्या जीपमधून धुळ्याला आणलं, तीन दिवस आयसीयूत ठेवलं. जीव वाचला. घरी परतल्यावर मंडळीतली एक बाई भेटायला आली आणि म्हणाली, "तुमचा विश्वास डगमगला असेल हो, म्हणून चंगाई टिकली नाही."

त्या रात्रीपासून मार्थाताईंनी प्रार्थनेला डोळे मिटले की समोर ती जीप यायची.

इथे मी माझं मत आडपडदा न ठेवता सांगते. मी ख्रिस्ती आहे, देव बरं करतो यावर माझा विश्वास आहे. पण आजारी माणसाचा उपचार बंद करायला सांगणं हा विश्वास नाही. तो त्या माणसाच्या जिवाशी केलेला खेळ आहे. आपल्याकडे सुवार्ता घेऊन आलेल्यांनी चर्चबरोबर दवाखानेही उभे केले. नवापूर तालुक्यातल्या चिंचपाड्याच्या मिशन हॉस्पिटलात कितीतरी घरांतली बाळंतपणं झाली आहेत. पौलासोबत फिरणाऱ्या लूकला बायबल 'प्रिय वैद्य' म्हणतं. मशीन आणि प्रार्थना यांतलं एक निवडायला देवाने कुणालाच सांगितलेलं नाही.

हे मी त्यांना पहिल्याच भेटीत सांगितलं, कारण ते थांबण्यासारखं नव्हतं. पुढची एकही फेरी चुकवायची नाही, कुणीही काहीही म्हणो.

मग दुसरा प्रश्न विचारला, जो विचारायला नवीन समुपदेशक घाबरतात. "ताई, जीव नकोसा वाटतो का? स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?" त्या बराच वेळ खाली बघत राहिल्या. करून घ्यावंसं वाटत नाही, म्हणाल्या, पण सकाळी उठलेच नाही तर बरं होईल असं वाटतं. दोन महिने रात्रीची झोप तीन तासांच्या वर नव्हती. जेवण नवऱ्याच्या ताटात उरलेलं. त्याच आठवड्यात मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं आणि गोळ्या सुरू झाल्या. रात्री-अपरात्री फार घाबरं झालं तर लावायला १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर त्यांच्या फोनमध्ये मीच टाकून दिला. विश्वासाबद्दल बोलायला आलेल्या बाईला झोपेच्या आणि जेवणाच्या गोष्टी सांगणं काहींना खटकतं. मला नाही खटकत. एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली पडून 'आता पुरे, माझा प्राण घे' म्हणाला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी ठेवलं आणि 'ऊठ, खा' म्हणाला. तो खाऊन पुन्हा झोपला, तर दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खाऊ घातलं. देवाची वाणी त्याला ऐकू आली ती त्यानंतर कितीतरी दिवसांनी.

हे सांगितलं तेव्हा मार्थाताई पहिल्यांदा रडल्या. "भाकर?" एवढंच म्हणाल्या.

तिसऱ्या भेटीत राग बाहेर आला. त्यांच्या चर्चचे पाळक, म्हणजे पास्टर, चांगले होते, धीर द्यायला म्हणून त्यांनी पंडिता रमाबाईंचं उदाहरण दिलं होतं: दुष्काळात आईवडील गेले, लग्नाला दोन वर्षं होण्याआधी नवरा गेला, १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी त्या बायबलचं भाषांतर करत राहिल्या. मार्थाताई म्हणाल्या, "त्या पंडिता व्हत्यात ताई. मी कोण शे?" आणि मग थोडं थांबून, "मी देववर चिडेल शे."

मी म्हटलं, मग त्यालाच सांगा.

रमाबाईंचं आयुष्य मला फार मोठं वाटतं. पण पडलेल्या माणसापुढे ते 'बघ, ती कशी उभी राहिली' असं ठेवलं की त्याची छडी होते. आपल्या मंडळ्यांत साक्षीला, म्हणजे देवाचा अनुभव सांगायला, उभा राहणारा शेवट गोड झालेलीच गोष्ट सांगतो. ज्याची गोष्ट अजून मधेच अडकलेली आहे, त्याला उभं राहायला जागा नाही. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत मात्र ती जागा भरपूर आहे. 'हे परमेश्वरा, कोठवर?' असं विचारणारी स्तोत्रं तिथे एकामागून एक येतात आणि अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळही नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलं नाही.

मग मी त्यांना बायबलमधली लाजराच्या बहिणीची गोष्ट वाचून दाखवली. भाऊ आजारी असल्याचा निरोप गेला, तरी येशू होता तिथेच दोन दिवस थांबला. पोचला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. त्याची एक बहीण मरीया घरात बसून राहिली, दुसरी बहीण मार्था मात्र वाटेवर गाठायला निघाली आणि तोंडावर म्हणाली, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. हे गाऱ्हाणं आहे, सरळसरळ. त्यावर येशूने 'तुझा विश्वास कमी पडला' असं म्हटलं नाही. तो तिच्याशी बोलत राहिला, आणि पुढे कबरेकडे जाताना रडला. चिडून का होईना, मार्था त्याच्याकडेच गेली होती. ज्याच्यावर विश्वास नाही, त्याच्याशी भांडायला कोण वाटेपर्यंत जातं?

"मंग मी मार्था शे," त्या म्हणाल्या. नाव तिथून आलं.

चंगाई टिकली नाही म्हणणाऱ्या बाईचं वाक्य मात्र काट्यासारखं रुतून होतं. त्याला एकदम उतारा मिळाला नाही. दोन-तीन भेटी त्यावरच गेल्या. शेवटी कामी आली ती बायबलमधली कफर्णहूम गावची गोष्ट. पक्षाघात झालेल्या माणसाला चौघांनी छप्पर उस्तरून खाली सोडलं. मार्काने लिहिलंय, येशूने 'त्यांचा विश्वास पाहून' त्या आजाऱ्याशी बोलायला सुरुवात केली. खाटेवरच्या माणसाचा विश्वास किती होता, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. मी म्हटलं, तुम्ही सध्या खाटेवर आहात. कोपरे धरायला चार माणसं शोधू या.

त्यांनी दोन शोधली. एक अंगणवाडीतल्या सेविका, त्या ख्रिस्तीही नाहीत, पण बुधवारी पोरांना जेवू घालायचं काम त्यांनी घेतलं. दुसरी भगिनी मंडळातली एक म्हातारी. मी तिला फोनवर एकच गोष्ट सांगितली: घरी जा, शेजारी बसा, 'देवाची काहीतरी योजना असेल' असं म्हणू नका. ती जायची आणि लसूण सोलत बसायची. निघताना मार्थाताईंच्या वतीने प्रभूची प्रार्थना म्हणायची. मार्थाताई गप्प. तीन-चार महिने असंच चाललं, आणि मी ते बदलायला गेले नाही.

त्याच काळात, मे महिन्यात त्यांनी बाटलीचं सांगितलं. नवऱ्याला दिवसाला पाऊण लिटरच पाणी, चहा आणि वरणसुद्धा त्यात धरून. केळी पूर्ण बंद, नारळपाणीही बंद. खानदेशचा उन्हाळा, पारा पंचेचाळिसाकडे, आणि माणूस मोजून घोट पितो. सकाळी त्या बाटली भरून देतात आणि कोणत्या वेळेपर्यंत कुठल्या रेघेपर्यंत प्यायचं ते ठरलेलं. एका दुपारी ओठ सुकून फुटले होते. पुढच्या रेघेला अजून दीड तास होता. त्यांनी बर्फाचा एक खडा त्याच्या जिभेवर ठेवला. तो चोखत चोखत नवरा म्हणाला, "येशूलेबी तहान लागेल व्हती ना, क्रूसवर?"

"मी काहीच बोलनू नही," त्या मला म्हणाल्या. "पन ताई, त्यानंतर देव मला लांब वाटला नाही. चिडेल तर मी अजून बी शे."

नवरा बरा झालेला नाही. मशीन सुटलेलं नाही. किडनी देण्याबद्दल त्याच्या भावाशी बोलणी चालू आहेत. तपासण्या व्हायच्या आहेत, आणि भावाची बायको तयार नाही. गोळ्या अजून चालू आहेत, झोप पाच-सहा तासांवर आली आहे. मार्थाताई रविवारी उपासनेला जातात, मागच्या बाकावर बसतात. गाणी म्हणत नाहीत. प्रार्थनेच्या वेळी मात्र आता डोळे उघडे ठेवूनच दोन शब्द बोलतात: "कोठवर, प्रभू?"

परवा मशीनच्या दिवशी त्या येऊन गेल्या. बोलता बोलता पिशवीतून बाटली काढली. धुऊन धुऊन खालच्या दोन रेघा पुसट झाल्या होत्या. माझ्या टेबलावरचं पेन मागून घेतलं, बाटली उजेडाकडे धरली आणि जुन्या खुणेवरून त्या रेघा पुन्हा ओढल्या.