अमेरिकेत लॉ स्कूलच्या पहिल्या वर्षानंतर वरच्या शाळेत ट्रान्सफर घेतली, तर आर्थिक मदत मिळते का?

तुम्ही लिहिले आहे त्यावरून मला समजले ते असे. मुलगी तिसाव्या क्रमांकाच्या आसपासच्या लॉ स्कूलमध्ये जेडीच्या (वकिलीसाठी लागणाऱ्या तीन वर्षांच्या पदवीच्या) पहिल्या वर्षाला आहे, दोन तृतीयांश फी माफ आहे, उरलेली फी आणि राहण्या-खाण्यासाठी फेडरल कर्ज घेतले आहे. पहिल्या सेमिस्टरला वर्गात वरच्या पाच टक्क्यांत आली आणि आता कोलंबिया, जॉर्जटाउन, हार्वर्ड इथे ट्रान्सफरचे अर्ज करायचे म्हणते. तिथे शिष्यवृत्ती मिळेल का, आणि तुम्ही दोघे न्यू जर्सीत नोकरी करता याचा काही परिणाम होईल का, असे तुम्ही विचारले आहे.

मी स्वतः पहिल्या वर्षानंतर शाळा बदलली होती. आता न्यूयॉर्कमध्ये वकिली करतो आणि दर उन्हाळ्यात ओळखीपाळखीतून हाच प्रश्न घेऊन दोघे-तिघे येतात. छोटे उत्तर: प्रवेश मिळण्याची शक्यता चांगली, पैसे मिळण्याची फारच कमी. याचे कारण समजले की बाकीचे आपोआप लक्षात येईल.

तुमच्या मुलीला आत्ता जी फी माफ आहे, ती तिच्या हुशारीचे कौतुक म्हणून दिलेली नाही. यूएस न्यूज या प्रकाशनाच्या क्रमवारीत लॉ स्कूलच्या पहिल्या वर्षाला दाखल झालेल्या मुलांचे एलसॅटचे (लॉ स्कूलच्या प्रवेश परीक्षेचे) गुण आणि पदवीचा जीपीए मोजतात, तोही मध्यांक. चांगला एलसॅट असलेली मुलगी आली की मध्यांक वर सरकतो, म्हणून शाळा तिला सवलत देते. ट्रान्सफर होऊन दुसऱ्या वर्षाला येणाऱ्याचा एलसॅट या हिशेबात धरतच नाहीत. मग सवलत कशासाठी द्यायची? उलट वर्गात जागा आहे, प्राध्यापक आहेत, आणि पूर्ण फी भरणारा विद्यार्थी स्वतःहून दारात उभा आहे. जॉर्जटाउन वर्षानुवर्षे सर्वाधिक ट्रान्सफर घेणाऱ्या शाळांत गणले जाते, त्यामागे हेही गणित आहे. मी त्यांना दोष देत नाही, पण आपण गिऱ्हाईक आहोत हे माहीत असलेले बरे.

हार्वर्ड, येल आणि स्टॅनफर्ड यांची गोष्ट वेगळी. तिथली लॉ स्कूल मेरिटवर शिष्यवृत्ती देतच नाहीत, कोणालाच नाही. मदत फक्त गरज पाहून. त्यामुळे हार्वर्ड आणि येलमध्ये ट्रान्सफर विद्यार्थ्यालाही त्या मदतीसाठी अर्ज करता येतो. ऐकायला छान वाटते, पण इथेच तुमच्या नोकऱ्या आडव्या येतात. फेडरल मदतीसाठी भरायचा सरकारचा फाफ्सा फॉर्म लॉच्या विद्यार्थ्याला स्वतंत्र मानतो, आईवडिलांचे उत्पन्न विचारत नाही. लॉ स्कूल मात्र स्वतःचे अनुदान देताना तसे मानत नाही. ठरावीक वयापर्यंत तुमचे पगार, बचत, मालमत्ता सगळे मागतात, मग तुम्ही मुलीला एक डॉलर देणार असा की नसा. शिवाय आधी एका ठरावीक रकमेचे कर्ज विद्यार्थ्याने उचलायचे आणि त्यानंतरही गरज उरली तर अनुदान, असा क्रम असतो. न्यू जर्सीत दोन चांगले पगार असलेल्या घराला त्यातून फारसे काही हाती लागत नाही. वडील एकटे कमावते, घरात अजून दोघे कॉलेजात, अशा कुटुंबाला मात्र हार्वर्ड तिच्या आत्ताच्या शाळेपेक्षा फार महाग पडणार नाही, असेही होऊ शकते.

आता कर्जाकडे. या वर्षी खरी मेख इथे आहे.

आजवर लॉच्या विद्यार्थ्याला ग्रॅड प्लस नावाचे फेडरल कर्ज शिक्षणाच्या पूर्ण खर्चाइतके मिळायचे. जुलै २०२५ मध्ये सही झालेल्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ते बंद होते. त्यानंतर लॉ, मेडिकल अशा व्यावसायिक पदवीच्या विद्यार्थ्याला फेडरल कर्ज वर्षाला जास्तीत जास्त ५०,००० डॉलर आणि एकूण २ लाख डॉलर. आधीपासून शिकत असलेल्यांना कायद्याने सूट ठेवली आहे, जुने नियम काही काळ चालतील. पण ती सूट कोणाला, हे बारकाईने वाचा: ३० जून २०२६ रोजी जो ज्या संस्थेत ज्या अभ्यासक्रमाला आहे, आणि त्याच संस्थेतल्या त्याच अभ्यासक्रमासाठी ज्याने फेडरल कर्ज घेतलेले आहे, त्याला. संस्था बदलली की ही सूट मागे राहते, असाच त्या शब्दांचा सरळ अर्थ लागतो. तुमची मुलगी आहे तिथे राहिली तर ग्रॅड प्लस तिच्या हाताशी आहे. ऑगस्टमध्ये दुसरीकडे गेली तर ५०,००० ची मर्यादा धरूनच हिशेब करा. ज्या शाळेत प्रवेश मिळेल तिच्या आर्थिक मदत कार्यालयाकडून हे लेखी घ्या. फोनवर कोणी 'काळजी करू नका' म्हणाले तर त्याला काही अर्थ नाही.

आकडे मांडून बघा. कोलंबिया किंवा हार्वर्डची नुसती ट्यूशन वर्षाला ७५,००० डॉलरच्या पुढे आहे, आणि राहणे-खाणे-विमा धरून शाळा स्वतःच जो खर्च जाहीर करते तो १ लाख १० हजारांच्या पुढे जातो. त्यातले ५०,००० फेडरल कर्जातून आले तरी ६०,००० हून जास्त दरवर्षी कमी पडतात. ते खासगी बँकेकडून घ्यावे लागतील आणि बँक जामीनदार मागेल, म्हणजे तुम्हालाच. दोन वर्षांचे मिळून १ लाख २० हजारांच्या वर खासगी कर्ज झाले. फेडरल कर्ज असते तर मुलीने पुढे सरकारी किंवा ना-नफा संस्थेत पूर्णवेळ नोकरी करून १२० हप्ते भरले की उरलेले माफ होण्याची योजना आहे. खासगी कर्जाला ती लागू नाही. सरकारी वकील किंवा पब्लिक डिफेंडर (गरीब आरोपींचा बचाव करणारा सरकारी पगारावरचा वकील) व्हायचे तिच्या मनात असेल, तर माझ्या मते विषय इथेच संपतो.

(भारतातून एफ-१ व्हिसावर आलेले कोणी हे वाचत असेल तर: तुम्हाला फेडरल कर्ज मुळातच नाही, त्यामुळे वरचा कायदा तुम्हाला आडवा येत नाही. पण नवी शाळा नवा आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा शाळेचा दाखला) देताना पुढच्या वर्षाच्या पूर्ण खर्चाची सोय कागदावर मागेल. भारतातल्या बँकेचे कर्ज जुन्या शाळेच्या नावावर मंजूर झालेले असेल तर ते आपोआप नव्या शाळेला लागू होत नाही. बँकेशी आधी बोला.)

एवढे पैसे टाकून मिळते काय? पदवी नव्या शाळेची मिळते, ती आयुष्यभर नावापुढे राहते, हे खरे आहे आणि मी ते कमी लेखणार नाही. कायद्याचे प्राध्यापक व्हायचे असेल किंवा वरच्या फेडरल न्यायाधीशांकडे क्लार्कशिप (न्यायाधीशांच्या हाताखालची थोड्या काळाची नोकरी) हवी असेल, तर नावाला वजन आहे. पण पहिल्या वर्षाचे गुण नव्या ठिकाणी नुसते क्रेडिट म्हणून जमा होतात, वर्गातला क्रमांक पुसला जातो. लॉ रिव्ह्यूसाठी (विद्यार्थी चालवतात त्या कायद्याच्या नियतकालिकासाठी) पुन्हा स्पर्धा. शिफारसपत्र देणारे, नावाने ओळखणारे प्राध्यापक जुन्या शाळेत राहतात. नव्या वर्गात मुलांचे गट पहिल्या वर्षीच जमलेले असतात. पहिला हिवाळा मला तरी जड गेला होता.

आणि मोठ्या फर्ममधली नोकरी हे कारण असेल, तर वेळापत्रक बघा. पूर्वी फर्म ऑगस्टमध्ये कॅम्पसवर यायच्या, तेव्हा ट्रान्सफर होऊन आलेला मुलगा नव्या शाळेच्या नावावर मुलाखती द्यायचा. मीही तसेच केले. आता बऱ्याच मोठ्या फर्म पहिले वर्ष संपता संपताच, मे-जूनमध्ये, पुढच्या उन्हाळ्याच्या ऑफर देऊन मोकळ्या होतात. ट्रान्सफरचे निकाल त्यानंतर लागतात. म्हणून तिने फर्मना अर्ज पाठवावेत ते आत्ताच्या शाळेचे नाव आणि आत्ताचा क्रमांक घेऊन, आणि लगेच. ऑफर आली तर मोठ्या फर्ममधला पहिल्या वर्षाचा प्रचलित पगार, २ लाख २५ हजार डॉलर, हार्वर्डवाल्याला जो तोच तिला.

ट्रान्सफरचा अर्ज करू नका असे मी म्हणत नाही. अर्जाचा खर्च किरकोळ आहे आणि हातात प्रवेशपत्र असले की घासाघीस करता येते. तिच्या सध्याच्या शाळेला वरच्या पाच टक्क्यांतली मुलगी गमवायची नसते. प्रवेश मिळाल्यावर तिने डीनना भेटून सरळ विचारावे की उरलेली एक तृतीयांश फी माफ होऊ शकते का. भाषा नम्र ठेवावी, धमकीचा सूर नको. कधी पूर्ण माफ होते, कधी थोडी वाढवून देतात, कधी शुभेच्छा देऊन बोळवण करतात.

अर्ज कुठे करायचा ते ठरवण्यापूर्वी प्रत्येक शाळेचा '५०९ अहवाल' उघडा. अमेरिकन बार असोसिएशनच्या नियमानुसार तो दर डिसेंबरला शाळेच्या संकेतस्थळावर टाकावाच लागतो. किती ट्रान्सफर आत आले, किती बाहेर गेले, आणि संख्या पुरेशी असेल तर ते कुठल्या शाळांतून आले व त्यांचे पहिल्या वर्षाचे गुण काय होते, सगळे त्यात असते. तिच्या शाळेतून गेल्या दोन-तीन वर्षांत कोणी कोलंबियाला गेले का, हे तिथे पाच मिनिटांत कळते.

तुमच्या घरचे चित्र तुम्ही लिहिले तसेच असेल, तर माझे मत असे: जॉर्जटाउन किंवा कोलंबियासाठी पूर्ण फी भरून दोन तृतीयांश माफी आणि ग्रॅड प्लस दोन्ही सोडणे म्हणजे हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागणे आहे. हार्वर्ड आले आणि तिला खरोखर अध्यापनात जायचे असेल तर विचार करा. तोही मदतीचा आकडा लेखी हातात आल्यावरच. तो अनेकदा प्रवेशानंतर काही आठवड्यांनी येतो, आणि तोवर नवी शाळा डिपॉझिट मागत असते. डिपॉझिट भरावे लागले तर भरा, पण आकडा येईपर्यंत जुन्या शाळेतली जागा आणि शिष्यवृत्ती सोडल्याचे पत्र देऊ नका. एकदा सोडलेली शिष्यवृत्ती परत द्यायला शाळा बांधील नसते.