कुरुक्षेत्र बाहेर की आत?

प्रश्न : आमच्या गावी दर वर्षी ज्ञानेश्वरीचे पारायण होते. यंदा एका तरुण प्रवचनकारांनी सांगितले की, कुरुक्षेत्र म्हणजे आपले अंतःकरण, कौरव म्हणजे विकार आणि युद्ध म्हणजे मनातील झगडा. गावातील वयस्कर माळकऱ्यांना ते लागले. ‘मग देव आणि अर्जुन काय नुसती कल्पना?’ असे एका आजोबांनी विचारले. असा अर्थ लावणे योग्य आहे का?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : असा अर्थ परंपरेबाहेरचा नाही. कठोपनिषदात शरीराला रथ, बुद्धीला सारथी, मनाला लगाम आणि इंद्रियांना घोडे म्हटले आहे. गीतेच्या तेराव्या अध्यायात तर ‘इदं शरीरं कौन्तेय क्षेत्रमित्यभिधीयते’, म्हणजे या शरीरालाच क्षेत्र म्हणतात, असे भगवंतच सांगतात. आपल्या कन्नड शेजाऱ्यांना पाठ असलेल्या बसवण्णांच्या वचनातही पाय हेच खांब, देह हेच देऊळ आणि मस्तक हाच सोन्याचा कळस आहे.

आजोबांना खटकला तो ‘कल्पना’ हा शब्द, कारण आपण तो ‘खोटे’ याच अर्थाने वापरू लागलो आहोत. पारायणाच्या पहिल्या दिवशी म्हटलेल्या ओव्या त्यांना आठवून द्या. ज्ञानेश्वर महाराज तेथे गणेशाची मूर्ती शब्दांतून घडवतात : सहा दर्शने, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या सहा शाखा, हे हात, तर्क हा परशू, अठरा पुराणे ही रत्नभूषणे, ॐकारातील अकार हे पाय, उकार हे पोट आणि मकार हे मस्तक. त्याने गणपती खोटा ठरत नाही. उलट ती मूर्ती मनात उभी राहिली म्हणजे एकमेकांशी भांडणारी दर्शने एकाच देहाचे हात आहेत, हे ओवी म्हणणाऱ्याला दिसते, आणि असे दिसणे कल्पनेवाचून घडत नाही.

माझी हरकत आहे ती ‘कौरव म्हणजे विकार’ या घाईला. दुसऱ्या अध्यायात युद्धाला नकार देताना अर्जुन नाव घेतो ते दुर्योधनाचे नव्हे, तर भीष्म आणि द्रोण यांचे, आणि त्यांना तो ‘पूजार्ह’ म्हणतो. विकार कधी पूजेला योग्य असतात का? प्रतीक मानायचेच असेल, तर आपल्या आतील निष्ठा, कृतज्ञता आणि गुरूचे ऋण हेसुद्धा कधी कधी अधर्माच्या बाजूला जाऊन उभे राहतात आणि तेथेच धनुष्य उचलणे सर्वांत जड जाते, असे वाचावे लागेल. ग्रंथातील जो शब्द आपल्या अर्थाच्या आड येतो, त्याच्यापाशी न थांबणारे वाचन मला प्रामाणिक वाटत नाही.

युद्ध प्रत्यक्ष घडले की नाही, याचा निकाल अशा अर्थाने लागत नाही, आणि जे माळकरी ते घडले असे मानून आयुष्यभर वाचत आले, त्यांची श्रद्धा काढून घेण्याचा अधिकारही त्याला नाही. पुढच्या पारायणात ही जागा आली म्हणजे प्रवचनकारांना आणि आजोबांना शेजारी बसवा आणि भीष्मद्रोणांविषयी दोघांनाही विचारा.