रोमँटिक काळातल्या, म्हणजे साधारण एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या, निसर्गचित्रांत असं काय असतं, की माणसं त्यांच्यासमोर हेलावून जातात?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की जर्मन चित्रकार कास्पार डाव्हिड फ्रिडरिशचं 'समुद्रकाठचा संन्यासी' तुम्ही फोनवर पाहिलंत, खाली लोकांनी 'डोळे भरून आले' असं लिहिलेलं वाचलंत, आणि तुम्हाला मात्र आभाळ, पाणी आणि एक ठिपका यापलीकडे काही दिसलं नाही. 'यात आहे काय?' असं तुम्ही विचारताय.

तुमची तक्रार चित्राइतकीच जुनी आहे. चित्र अजून हातावेगळं व्हायचं होतं तेव्हा, १८०९ च्या जूनमध्ये, मारी हेलेने फॉन क्यूगेलगेन या बाईंनी ते ड्रेस्डेनमध्ये पाहिलं. त्यांचे पती स्वतः चित्रकार आणि फ्रिडरिशचे मित्र. बाईंनी पत्रात लिहिलं की हे चित्र माझ्या मनाला अजिबात भिडलं नाही. नुसतं अफाट आकाश आणि खाली अस्वस्थ समुद्र. ना सूर्य, ना चंद्र, ना वादळ. वादळ असतं तरी दिलासा मिळाला असता, कुठे काही हालताना तरी दिसलं असतं. जहाज नाही, होडी नाही, एखादा समुद्री राक्षससुद्धा नाही!

मला हे पत्र फार आवडतं. या चित्रात काय काय नाही याची इतकी नेमकी यादी दुसऱ्या कुणी केलेली नाही, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या यादीतच सापडतं.

फ्रिडरिशच्या आधी शे-दीडशे वर्षं युरोपातलं निसर्गचित्र बरंचसं एका ठरलेल्या मांडणीवर चालत होतं. सतराव्या शतकात क्लोद लोरँ या चित्रकाराने ती पक्की केली. अगदी पुढे, एका बाजूला, गडद झाड. त्याच्या आडून नजर आत शिरणार. मग एखादा पूल, पाण्यावर आलेली गुरं, नदीचं वळण, आणि सगळ्यात शेवटी लांबवर उजळलेलं आभाळ. रंगमंचाच्या विंगा असतात तशी ती कडेची झाडं. ती नजरेला बाहेर सांडू देत नाहीत. बघणारा अशा चित्रात पाहुण्यासारखा जातो, त्याची सगळी सोय आधीच लावून ठेवलेली असते.

फ्रिडरिशने ही सोय काढून घेतली. चित्र साधारण १७१ सेंटिमीटर रुंद आणि ११० सेंटिमीटर उंच आहे. खालच्या कडेला वाळूची फिकट पट्टी, तिच्यावर काळपट समुद्राची बारीक पट्टी, आणि उरलेलं, म्हणजे जवळजवळ सहातले पाच भाग, आकाश. कडेला झाड नाही की खडक नाही, त्यामुळे समुद्र चौकटीपाशी थांबत नाही, दोन्हीकडून तसाच बाहेर निघून जातो. अख्ख्या चित्रात उभी म्हणावी अशी एकच गोष्ट आहे, समुद्राकडे तोंड करून उभा असलेला बोटाएवढा माणूस.

हे रिकामेपण त्याला एका बैठकीत सुचलेलं नव्हतं. इन्फ्रारेड तपासणीत रंगाच्या थराखाली शिडाची जहाजं आखलेली दिसली. म्हणजे क्यूगेलगेनबाईंना जे हवं होतं ते त्याने आधी घातलं होतं आणि मग स्वतःच पुसलं होतं. का पुसलं असावं, याचा मी बराच विचार केला आहे. जहाज आलं की गोष्ट आली. ते कुठे निघालंय, सुखरूप पोचेल का, किनाऱ्यावरचा माणूस कुणाची वाट बघतोय? आपलं मन लगेच त्या गोष्टीला लागतं आणि समुद्र मागे पडतो. जहाजं गेल्यावर त्या माणसाला तिथे उभं राहायला काही निमित्त उरत नाही. तो तिथे आहे, एवढंच. आणि त्याच्याकडे बघणाऱ्या आपल्यालाही निमित्त उरत नाही.

१८१० मध्ये हे चित्र बर्लिनच्या अकादमीच्या प्रदर्शनात लागलं. लेखक हाइनरिश फॉन क्लाइस्टने ते पाहिलं आणि त्या ऑक्टोबरात आपल्या 'बर्लिनर आबेंडब्लेटर' या दैनिकात त्यावर छापलं. त्याचं म्हणणं असं की चौकट सोडली तर या चित्राला पुढचा भागच नाही, त्यामुळे बघताना कुणी आपल्या पापण्या कापून टाकल्यासारखं वाटतं. दोनशे वर्षांत या चित्रावर ढिगाने लिहिलं गेलं, पण या एका वाक्याच्या पुढे कुणी गेलंय असं मला वाटत नाही. पापण्या नाहीत म्हणजे डोळा मिटून घ्यायची सोय नाही. बाईंना जे खटकलं तेच क्लाइस्टला झोंबलं. दोघांनी एकच गोष्ट पाहिली होती.

म्हणून मला असं म्हणायचंय की या चित्रांची ताकद दाखवलेल्या डोंगरा-समुद्रात शोधू नका. चित्रकार तुम्हाला कुठे उभं करतो ते बघा. भव्य निसर्ग तर कॅलेंडरवरही असतो. आल्प्सच्या बर्फाळ शिखरांचे फोटो आपण वर्षभर भिंतीवर टांगतो आणि महिना संपला की पान उलटतो. एडमंड बर्क आणि कांट या तत्त्वज्ञांनी अनुक्रमे १७५७ आणि १७९० मध्ये मांडलेले विचार इथे हमखास सांगितले जातात: प्रचंड आणि भयावह गोष्ट सुरक्षित अंतरावरून पाहिली की भीतीतूनच एक वेगळा आनंद उपजतो. ते खोटं नाही. पण त्याने कड्याच्या टोकावर आपल्याला काय होतं ते कळतं. सपाट कॅनव्हाससमोर तसंच का व्हावं, ते कळत नाही. ते काम मांडणी करते.

कामानिमित्त बर्लिनला राहत होतो तेव्हा आल्टे नॅशनलगॅलरीत मी हे चित्र पुन्हापुन्हा पाहिलं. २०१६ पर्यंत चाललेल्या दुरुस्तीत त्यावरचं पिवळं पडलेलं व्हार्निश निघालं, आणि जुन्या पुस्तकांत मातकट दिसणारं आकाश आता निळसर झालंय. जवळ गेलं तरी ब्रशचे फटकारे फारसे दिसत नाहीत. फ्रिडरिश पातळ थरांवर पातळ थर चढवायचा. त्यामुळे 'वा, काय हात आहे!' असं म्हणून सुटकाही होत नाही. नजर क्षितिजाच्या रेघेवरून उजवीकडे घसरत चौकटीबाहेर जाते, परत येते, त्या माणसाला धरते, वर जाते, तिथे काहीच लागत नाही, पुन्हा त्या माणसाकडे येते. असं दोन-चार वेळा झालं की आपण त्याच्या जागेवरून बघायला लागतो. फोनवर हे घडणं कठीण, कारण फोनच्या पडद्यावर तो माणूस खरोखरच ठिपका होतो आणि ते आकाश आपल्या तळहातात मावतं. ज्या चित्राने तुम्हाला लहान करायचं, ते तुमच्या मुठीत असतं. तेव्हा तुम्हाला काही वाटलं नाही यात तुमच्या नजरेचा दोष नाही.

बरेच जण या उदासीचं कारण फ्रिडरिशच्या आयुष्यात शोधतात. तो सात वर्षांचाही नव्हता तेव्हा आई गेली. पुढे १७८७ मध्ये धाकटा भाऊ बर्फ फुटून पाण्यात बुडाला. कास्पारला वाचवतानाच, असं सांगतात. हे वाचून जीव कळवळतो. पण क्लाइस्टच्या लेखात यातलं काहीही नाही. त्याला चौकट दिसली आणि पुढचा भाग नसल्याचं दिसलं, तेवढं त्याला पुरलं.

'धुक्याच्या समुद्रावरचा भटक्या' (साधारण १८१७ चं, हँबुर्गच्या कुन्स्टहाले या संग्रहालयात आहे) तुम्ही पाहिलंच असेल, पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर ते इतकं वापरलं जातं. तिथेही पाठमोरा माणूस, पण या वेळी तो मोठा, चित्राच्या बरोबर मध्ये. दोन्हीकडच्या डोंगरांचे उतार त्याच्या छातीपाशी येऊन मिळतात. गंमत अशी की जगात ती जागा कुठेच नाही. एल्ब नदीकाठच्या वालुकाश्माच्या डोंगरांत निरनिराळ्या ठिकाणी काढलेली रेखाटनं त्याने स्टुडिओत एकत्र जोडली. तो स्टुडिओ कसा होता हे त्याचा मित्र केर्स्टिंगच्या चित्रांमुळे आपल्याला माहीत आहे: उघड्या भिंती, मोजकं सामान, एका चित्रात तर खिडकीचा खालचा भागही बंद केलेला. निसर्गाचा एवढा मोठा चित्रकार, आणि काम करताना बाहेरचं काही दिसू नये अशी व्यवस्था! मला हे चित्र 'संन्यासी'पेक्षा थोडं कमी आवडतं. त्या माणसाचा रुबाब जरा आड येतो.

या पाठमोऱ्या माणसांबद्दल एक गोष्ट मनाला लावून घ्यावी अशी आहे. चेहरा नसलेल्या माणसात कुणीही आपला चेहरा बसवू शकतो. फ्रिडरिश १८४० मध्ये वारला तेव्हा तो विस्मरणात गेल्यातच जमा होता, १९०६ च्या बर्लिनच्या मोठ्या प्रदर्शनाने त्याला परत आणलं, आणि पुढे नाझींनी त्यालाच 'जर्मन आत्म्याचा' चित्रकार म्हणून मिरवलं. त्यामुळे युद्धानंतर बराच काळ त्याच्याकडे संशयाने पाहिलं गेलं. ज्या मोकळ्या जागेत तुम्हीआम्ही आपलं एकटेपण ठेवतो, तिथे त्यांनी आपला गर्व ठेवला. चित्राने त्यांना अडवलं नाही. या ताकदीचा तोही एक भाग आहे, आणि तिच्या प्रेमात असलेल्या माझ्यासारख्याने तो विसरू नये.

सगळ्यांनी हीच वाट धरली असंही नाही. इंग्रज चित्रकार टर्नरच्या १८४२ च्या 'हिमवादळ'मध्ये बंदराच्या तोंडाशी एक आगबोट सापडली आहे, आणि तिथे तर उभं राहायला वाळूची पट्टीसुद्धा नाही. पाणी, धूर, बर्फ सगळं गरगर फिरतंय आणि क्षितिज कुठे आहे ते कळत नाही. तेव्हाच्या टीकाकारांनी त्याला साबणाचा फेस आणि चुना म्हणून हिणवलं.

पण मला थांबायचंय ते दुसऱ्या एका इंग्रज चित्रकारापाशी, कॉन्स्टेबलपाशी. त्याची बहुतेक चित्रं गावाकडची, ओळखीची, शांत. ढगांचा त्याने लंडनच्या हॅम्पस्टेडमध्ये १८२१-२२ च्या सुमारास जवळजवळ हवामानखात्याच्या काटेकोरपणे अभ्यास केला. रेखाटनांच्या मागे तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवली. आकाश हेच निसर्गचित्रातलं भावनेचं मुख्य इंद्रिय, असं त्याचं मत होतं. १८१४ मध्ये तो टेम्सच्या मुखाजवळ हॅडली किल्ल्याचे अवशेष बघायला गेला, एक छोटं पेन्सिलचं रेखाटन केलं, आणि मारिया बिकनेलला पत्रातून ती जागा कळवली. तेव्हा त्यांचं लग्न व्हायचं होतं. ते १८१६ मध्ये झालं. नोव्हेंबर १८२८ मध्ये मारिया क्षयाने गेली, मागे सात मुलं. आणि कॉन्स्टेबलने ते चौदा वर्षांपूर्वीचं रेखाटन बाहेर काढलं.

१८२९ मध्ये त्याने रॉयल अकादमीत ठेवलेलं 'हॅडली किल्ला' आता अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. त्याच आकाराचा कच्चा खर्डा मात्र लंडनच्या टेट या कलासंग्रहालयात आहे आणि मला तो पक्क्या चित्राहून जास्त हलवतो. रंग सुरीने ओढलेला, जागोजाग खरखरीत, पांढऱ्याचे तुकडे कॅनव्हासभर उडालेले. डावीकडे वरपासून खालपर्यंत भेगाळलेला बुरुज, पायथ्याशी गुराखी आणि कुत्रा, उजवीकडे टेम्सचं रुंद होत गेलेलं मुख. चित्रातलं हे वादळी आभाळ त्याने १८१४ मध्ये पाहिलं होतं की नव्हतं याने मला काही फरक पडत नाही. फ्रिडरिश हात लपवतो. इथे हातच सगळं बोलतो. प्रत्येक फटकारा चिडून मारल्यासारखा आहे. मारियाबद्दल कळण्याआधीही तो खर्डा पाहून मला अस्वस्थ वाटलं होतं, कळल्यावर त्या अस्वस्थपणाला नाव मिळालं.

तुम्ही आता हे करून बघा. 'संन्यासी' फोनवर न बघता जेवढ्या मोठ्या पडद्यावर मिळेल तेवढ्या मोठ्या पडद्यावर लावा, टीव्हीवर लावलात तरी चालेल, आणि शीर्षक-बिर्षक विसरून नजर कुठे टेकते का ते बघा. आणि त्यानेही काही झालं नाही तर फ्रिडरिशला सोडून द्या आणि टेटच्या संकेतस्थळावर हॅडलीचा खर्डा उघडून मोठा करा. बुरुजापासून सुरुवात करू नका; आधी उजवीकडचं, पाण्यावरचं आकाश पाहा, तिथे रंग सर्वांत जोरात लावलेला आहे.