पहिली डमी घेताना

अगं, शिवणाची डमी, म्हणजे कपडा चढवून बघायचा धडाचा पुतळा, घेण्याआधी टेप हातात घे. नेहमीची ब्रा घालून छाती, कंबर, सीट (नितंबांचा घेर) आणि मानेच्या हाडापासून कंबरेपर्यंतची पाठ दुसऱ्या कुणाकडून तरी मोजून घे. पाठीचं माप बहुतेकजणी विसरतात, आणि तिथेच ब्लाउज वर चढतो.

डमी मापापेक्षा जराशी लहानच बरी. कापूस, जुनी ओढणी गुंडाळून भरता येते. मोठी असली तर तासता येत नाही.

बेळगावच्या खडेबाजारात दुकानाबाहेर फायबरचे पुतळे दिसतात, ते नकोत. टाचणी शिरत नाही. फोमचं अंग, जड बूड एवढं बघ.

शहापुरात कापडाला गेलीस की दोन मीटर मांजरपाट, म्हणजे साधं जाडसर सुती कापड, आण. पहिला ब्लाउज त्यातच बेत, बिघडला तरी चालेल.