मत अठराला, पण आवाज आत्ताच (तरुण वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : ताई नमस्कार. मी बारावी सायन्सला आहे. आमच्या गावात रात्री मुक्कामी एसटी यायची आणि सकाळी साडेसहाला तीच तालुक्याला जायची, आम्ही गावातल्या सगळ्या मुली त्याच गाडीने कॉलेजला जायचो. दिवाळीनंतर ती बंद झाली. आता पहिली गाडी साडेनऊला, तोवर दोन लेक्चर झालेली असतात. काळीपिवळीने जायला घरचे नको म्हणतात, दोघींचं तर कॉलेज सुटल्यातच जमा आहे. सरपंच म्हणाले तुम्ही लहान आहात, अभ्यास करा, मोठी माणसं बघतील. डेपोत अर्ज दिला, पुढे काहीच नाही. आम्हाला मतदान पण नाही, मग आमचं ऐकणार कोण?
– एक विद्यार्थिनी, जि. धाराशिव

उत्तर : मत नाही म्हणजे हक्क नाही, हे आधी डोक्यातून काढून टाक. अठराची अट मतदानाला आहे, बोलायला नाही. राज्यघटनेच्या कलम १९ मध्ये बोलण्याचं स्वातंत्र्य सर्व नागरिकांना दिलंय, तिथे वय लिहिलेलं नाही. शिवाय संयुक्त राष्ट्रांचा १९८९ चा बालहक्कांचा करार भारताने १९९२ मध्ये मान्य केलाय आणि त्याच्या कलम १२ प्रमाणे मुलांशी संबंधित प्रत्येक गोष्टीत मुलांचं म्हणणं ऐकून घ्यायचं असतं, वय आणि समज बघून त्याला वजन द्यायचं असतं. सकाळच्या गाडीशी तुमच्यापेक्षा जास्त संबंध कुणाचा आहे सांग बरं?

आता अर्जाचं. अर्ज दिला म्हणतेस, पण पोच घेतलीस का? माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या पत्रांचं घोडं इथेच अडलेलं असतं. अर्ज नेहमी दोन प्रतीत न्यायचा, एक तिथे द्यायची आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक नंबर घेऊनच बाहेर पडायचं. 'ठेवून जा' म्हणाले तरी शांतपणे उभं राहायचं, पोच मागणं म्हणजे भांडण नाही. वर 'प्रति, मा. आगार व्यवस्थापक' आणि विषय 'मुक्कामी गाडी पूर्ववत सुरू करणेबाबत' असा एका ओळीचा. खाली प्रत्येकीची सही आणि सहीपुढे पासचा नंबर, कारण नुसत्या सह्या असल्या की कुणीही म्हणेल प्रवासीच नाहीत, पासचे नंबर बघितल्यावर तसं म्हणता येत नाही. आणि हे नक्की लिहा की ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, अहिल्याबाई होळकरांच्या नावाने ही योजना आहे, मग पास हातात आणि गाडीच नाही अशाने मुली शिकणार कशा? एक प्रत विभाग नियंत्रकांना पाठवा, एक प्राचार्यांना द्या, कॉलेजने त्यांच्या लेटरहेडवर दोन ओळी लिहून दिल्या तर फार उपयोग होतो.

तरी उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार. २००५ च्या या कायद्यातही 'नागरिक' एवढाच शब्द आहे, वयाची अट नाही. लखनौच्या एका दहा वर्षांच्या मुलीने २०१२ मध्ये हाच कायदा वापरून थेट पंतप्रधान कार्यालयाला विचारलं होतं की गांधीजींना राष्ट्रपिता ही पदवी कोणत्या आदेशाने दिली, आणि तिच्या अर्जासाठी सरकारी कार्यालयांना जुनी कागदपत्रं शोधावी लागली होती. आपल्याकडे साध्या कागदावर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज होतो, विषय एकच ठेवायचा आणि दीडशे शब्दांत बसवायचा. एक लक्षात ठेव, 'गाडी का बंद केली' असं विचारू नकोस, त्याला गोलगोल उत्तर येतं. कागद माग : मुक्कामी फेरी बंद केल्याच्या आदेशाची प्रत, गेल्या सहा महिन्यांत रद्द झालेल्या फेऱ्यांची नोंद. माहिती कशाला हवी हे सांगायची गरज नाही. तीस दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील.

आणि सरपंचांचं म्हणशील तर ग्रामसभेत मतदार बसतात हे खरं, पण आपल्या राज्यात ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असा कायदाच आहे, तिथे तुमच्या आया-काकू मतदार म्हणून बसू शकतात की. घरोघरी जाऊन त्यांना सांगा, विषय तिथे मांडायला लावा, ठराव लिहून घ्यायला लावा आणि ठरावाची नक्कल मागा. ती नक्कल निवेदनाला जोडलीत की मागणी मुलींपुरती राहत नाही, गावाची होते. मला हाच रस्ता सगळ्यात भरवशाचा वाटतो.

प्रश्न : माझ्या मैत्रिणीला आत्ता सोळावं लागलंय आणि घरच्यांनी लग्न ठरवलंय. ती रडते, पण बोलत नाही. मी कुणाला सांगितलं तर तिच्यावरच काही येईल का?
– एक वाचक, जि. बीड

उत्तर : तिच्यावर काही येत नाही, बाळा. २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा लग्न लावणाऱ्या मोठ्यांना धरतो, दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे त्यात. १०९८ या मुलांच्या मदतीच्या नंबरवर फोन कर, फोन फुकट आहे, दिवसरात्र चालतो, आणि तुझं नाव बाहेर येऊ नये असं वाटत असेल तर तसं पहिल्यांदाच सांग. फोनवर तिचं वय, गाव आणि लग्नाची तारीख नीट सांग, कारण तारखेच्या आधी कोर्टाकडून मनाईहुकूम आणता येतो आणि तो मोडून लावलेलं लग्न कायद्याने लग्नच धरत नाहीत. गावात ग्रामसेवकच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, अंगणवाडीताईंनाही सांगता येईल, पण ते घरच्यांच्या फार जवळचे असले तर सरळ १०९८. हळद लागायची वेळ आली असेल तर पोलिसांना ११२ वर. आणि तिला एकटीला गाठून एवढं सांग की तिचं 'नको' मोजलं जातं, आणि समजा लग्न लागलंच तरी वीस वर्षांची होईपर्यंत ते रद्द करून मागता येतं. आजच फोन कर, परीक्षा होऊ दे मग बघू असं करू नकोस.

प्रश्न : मला सतरा पूर्ण झालीत. मतदार यादीत नाव कधी घालता येईल?
– एक वाचक, कल्याण

उत्तर : अर्ज आत्ताच देता येतो. पूर्वी १ जानेवारी ही एकच तारीख धरायचे, आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा चार आहेत, अठरा पूर्ण झाल्यावर यातली जी तारीख पहिली येईल तिला नाव लागतं. नमुना ६ भरायचा, ऑनलाइन किंवा बीएलओकडे, म्हणजे तुमच्या भागाच्या मतदार यादीचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे. बीएलओ कोण ते कळत नसेल तर जवळच्या महापालिका शाळेत विचार, बऱ्याचदा तिथलेच शिक्षक असतात.