कॅमेऱ्याचा दिवा कुणी लावायचा?

प्रश्न : लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासाठी लिनक्स ड्रायव्हर लिहितोय. चिप आयडी (सेन्सर चिपचा ओळख क्रमांक) वाचताना -१२१ हा त्रुटीचा आकडा येतो. शिवाय कॅमेरा चालू असल्याचा दिवाही लागत नाही. तो ड्रायव्हरमधूनच पेटवू का?
– एक वाचक, सातपूर, नाशिक

उत्तर : -१२१ म्हणजे सेन्सरने आयटूसीवर (चिप जोडणाऱ्या दोन तारांच्या मार्गावर) उत्तरच दिलं नाही. बहुधा त्याला क्लॉक (ठोक्यांचा संकेत) पोचत नाही, किंवा वाचायची घाई होते. आधी रेग्युलेटर (वीजपुरवठा), मग क्लॉक चालू करा, मग सेन्सरला रीसेटमधून बाहेर काढा. ओम्निव्हिजन या कंपनीच्या बऱ्याच सेन्सरना त्यानंतर क्लॉकचे ८१९२ ठोके लागतात, १९.२ मेगाहर्ट्‌झला सुमारे ४२७ मायक्रोसेकंद. क्लॉक १९.२चं असताना २४ मेगाहर्ट्‌झ धरलेत तर ३४१ मायक्रोसेकंदच येतात, आणि वाचन फसतं. म्हणून क्लॉकचा दर प्रोबमध्येच (ड्रायव्हर उपकरण ओळखतो त्या टप्प्यात) तपासा.

दिवा मात्र स्वतः पेटवू नका. वीज देताना पेटवलात तर नुसत्या प्रोबलाही तो लुकलुकेल, आणि कुणी पाहतंय की काय, असं वापरणाऱ्याला उगाच वाटेल. स्ट्रीम (चित्रप्रवाह) सुरू होताना व्हीफोरएलटूचा, म्हणजे लिनक्सच्या व्हिडिओ यंत्रणेचा, गाभाच तो लावतो आणि सिसएफएसमधून (उपकरणांच्या सेटिंगच्या फायलींतून) कुणाला विझवूही देत नाही. हे फार मोलाचं आहे. त्यासाठी सेन्सरची नोंदणी मात्र नावात शेवटी ‘सेन्सर’ असलेल्या व्हीफोरएलटूच्या असिंक (नोंदणीच्या) फंक्शननेच करा. साध्या फंक्शनमध्ये दिवा शोधलाच जात नाही; तुमच्या दिव्याची अडचण बहुधा हीच.