शोषखड्ड्याआधी माती तपासा
गावाच्या सांडपाण्याचे काम आपण प्रथमच हाती घेत असाल, तर आराखड्याआधी माती तपासावी, असा माझा आग्रह आहे. जलजीवन मिशनचे प्रमाण माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचे आहे आणि त्यातील बराचसा भाग मोरी, न्हाणीघर व धुण्याचे पाणी होऊन बाहेर पडतो. मुरमाड जमिनीत ते घरोघरच्या शोषखड्ड्यात, म्हणजे पाणी जमिनीत मुरवणाऱ्या खडी भरलेल्या खड्ड्यात, सहज जिरते, परंतु काळ्या चिकण मातीत तोच खड्डा लवकर तुंबतो. म्हणून चाचणीचा खड्डा खणून पाणी भरावे, माती पूर्ण भिजू द्यावी आणि त्यानंतरच पातळी किती वेगाने उतरते ते मोजावे. पाणी जिरत नसेल, तर ते नालीने उताराकडे नेऊन स्थिरीकरण तळ्यात (सांडपाणी साठवून नैसर्गिकरीत्या शुद्ध होऊ देणाऱ्या उथळ तळ्यात) किंवा कर्दळ लावलेल्या वाळू-खडीच्या वाफ्यात सोडावे. शौचालयाचे पाणी यात मिसळू देऊ नये. खड्ड्याआधी गाळ आणि तेलकटपणा अडवणारी छोटी कुंडी मात्र कधीही वगळू नका. खर्च वाचवण्यासाठी नेमकी तीच वगळली जाते, याचे मला फार वाईट वाटते, कारण राख आणि साबणाचा साका खडीत बसला की सगळा खड्डा उकरावा लागतो. ही कुंडी नियमितपणे कोण उपसणार, हे काम सुरू होण्यापूर्वीच ग्रामसभेत ठरवून घ्यावे.